एलईए प्रथिने

एलईए प्रथिने हा वनस्पतींच्या पेशींचे पाण्याच्या अभावापासून रक्षण करणाऱ्या प्रथिनांचा समूह आहे. बीजातील भ्रूणाच्या वाढीच्या अखेरच्या टप्प्यात ही प्रथिने विपुल प्रमाणात आढळतात; त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अवर्षण, जमिनीतील क्षारता व कडाक्याची थंडी यांच्या ताणाखाली ती मुळे आणि पानांमध्येही तयार होतात.

शोध

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ लिऑन ड्यूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कापसाच्या बियांमधील भ्रूणांच्या अभ्यासातून या प्रथिनांची नोंद केली. पुढे ती काही सूत्रकृमींसारख्या प्राण्यांमध्येही आढळली.

रचना

बहुतेक एलईए प्रथिने अत्यंत जलस्नेही असतात व पाण्यात असताना त्यांना निश्चित घडी नसते. अंड्यातील पांढरा बलक उष्णतेने घट्ट होतो, कारण त्यातील प्रथिनांची घडी उलगडते आणि ती एकमेकांना चिकटतात. यातील अनेक प्रथिने मात्र उकळल्यावरही विरघळलेलीच राहतात.

कार्य

पेशीतील पाणी घटले की रेणू परस्परांच्या जवळ येतात आणि एंझाइमांचे निरुपयोगी गोळे बनण्याचा धोका वाढतो. एलईए प्रथिने अशा रेणूंच्या मध्ये राहून त्यांना चिकटू देत नाहीत. डीहायड्रिन या गटातील प्रथिने पेशीपटलाला आधार देतात. उष्माघात प्रथिनांपैकी अनेक प्रथिने ऊर्जा खर्चून बिघडलेल्या घड्या पूर्ववत करतात. एलईए प्रथिनांना अशा ऊर्जेची गरज नसते.

पाण्याची टंचाई जाणवताच वनस्पतीत ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. त्यामुळे पर्णरंध्रे मिटतात आणि एलईए प्रथिनांची अनेक जनुके कार्यान्वित होतात.

शेतीतील महत्त्व

ज्वारी किंवा हरभऱ्याचे बियाणे वाळवून पुढील हंगामापर्यंत ठेवता येते, कारण त्यातील भ्रूण कोरडेपणा सहन करतो. आंबा व फणस यांच्या बिया मात्र वाळल्यास रुजत नाहीत. तथापि, अशा काही बियांमध्येही डीहायड्रिने आढळली आहेत. म्हणजेच केवळ या प्रथिनांमुळे सहनशीलता येत नाही, शर्करा व इतर घटकांचीही साथ लागते.

१९९६ मध्ये सातूचे एचव्हीए१ हे जनुक भातात घालण्यात आले. त्या रोपांची वाढ पाण्याच्या व क्षारांच्या ताणाखाली साध्या रोपांपेक्षा चांगली झाली. मात्र अवर्षण सहन करण्याची क्षमता अनेक जनुकांवर अवलंबून असल्यामुळे एका जनुकाने हा प्रश्न सुटत नाही.