सूक्ष्मलेखनाच्या सेवा : पट आणि हजेरी

अलीकडे केंद्राच्या शिक्षण परिषदांमध्ये एक पृच्छा वारंवार ऐकू येते. शाळेच्या नावाने एक्स, थ्रेड्स किंवा तत्सम सेवेवर खाते उघडावे काय, आणि न उघडल्यास आपली शाळा मागे पडली असे समजले जाईल काय? बुटीबोरी परिसरातील शिक्षक बंधुभगिनींना या पृच्छेचे उत्तर देण्यापूर्वी ही सेवा मूलतः काय आहे व तिचा एवढा गाजावाजा कसा झाला, हे पाहणे इष्ट होय.

या प्रकारास मायक्रोब्लॉगिंग अशी संज्ञा आहे. मराठीत त्यास सूक्ष्मलेखन म्हणता येईल. लघुलेखन म्हणावे, तर तो शब्द टंकलेखनाच्या जोडीने फार पूर्वीच कामास लागलेला आहे. शाळेच्या दर्शनी फळ्यावर आपण रोज एक-दोन ओळी लिहितो. तो फळा सर्व जगास दिसू लागला, आणि ज्यांनी ‘या शाळेचा फळा मला दाखवीत जा’ असे कळविले आहे त्यांच्यापुढे प्रत्येक नवी ओळ आपोआप येऊ लागली, तर जे होईल तेच हे होय.

ओळ तोकडी का, याचे कारण साहित्यिक नसून यांत्रिक आहे. २००६ साली अमेरिकेत ट्विटर सुरू झाले ते भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाच्या आधाराने. एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत. त्यांपैकी २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून १४० मजकुरास देण्यात आली. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास अधिक जागा लागत असल्यामुळे त्याच लघुसंदेशात आपली चिन्हे केवळ ७० मावतात. २०१७ मध्ये ट्विटरने मर्यादा २८० केली. येथे मराठीच्या शिक्षकास गंमत वाटेल अशी एक गोष्ट आहे. ‘शिक्षण’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. यंत्र मात्र वेलांटी व हलन्त चिन्ह वेगळे धरून सहा मोजते.

आपल्या देशात हा प्रयोग इंटरनेट खेडोपाडी पोहोचण्यापूर्वीच झाला होता. मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी बीरूद शेठ यांच्या कंपनीची ‘एसएमएस गपशप’ ही सेवा साध्या भ्रमणध्वनीवर चाले. एकाने लिहावे आणि गटातील सर्वांस संदेश जावा, अशी ती व्यवस्था होती. परंतु जितके सभासद वाढत, तितका संदेशांचा खर्च चालकांवर वाढे. पुढे २०११ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने संदेशांच्या संख्येवर निर्बंध आणले. ही कंपनी नंतर व्यापारी संस्थांचे संदेश पोचविण्याकडे वळली.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला, तेव्हा या प्रकारच्या लेखनाचे सामर्थ्य व संकट दोन्ही एकाच वेळी दिसले. रक्तदानाची आवाहने क्षणात पसरली. तपासून न पाहिलेल्या वार्ताही तितक्याच वेगाने पसरल्या. नागपूरचे उदाहरण याहून सौम्य आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम या अवतरकाशी संपर्क तुटला. दोन दिवसांनी नागपूर शहर पोलिसांनी ट्विटरवर त्यास उद्देशून लिहिले की, बाबा रे, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुला दंड करणार नाही. ही ओळ देशभर गाजली. तथापि ती समजण्यास वाचकाला अवतरकाचा संपर्क तुटल्याचे ठाऊक असावे लागते, आणि त्याच महिन्याच्या आरंभी मोटारवाहन कायद्यातील वाढीव दंड लागू झाल्याचेही. वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी ती वाचील, तर हसण्याऐवजी प्रश्न विचारील.

गाजावाजाचे सर्वात बोधक उदाहरण ‘कू’ या भारतीय सेवेचे आहे. अप्रमेय राधाकृष्ण व मयंक बिदावतका यांनी ती २०२० मध्ये बंगळूर येथे काढली. भारतीय भाषांत लिहिता यावे हा तिचा हेतू होता, तिच्यात मराठीही होती, आणि मर्यादा ४०० अक्षरांची होती. हेतू उत्तम होता, हे निःसंशय. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासन व ट्विटर यांच्यात वाद उद्भवला, तेव्हा मंत्री व शासकीय विभाग कूवर आले आणि त्यांच्यामागे लोक आले. २०२२ अखेर ५ कोटी वेळा ती उतरवून घेतली गेल्याचे चालकांनी जाहीर केले. जुलै २०२४ मध्ये तिच्या संस्थापकांनी ती बंद करीत असल्याचे कळविले. त्या निरोपात त्यांनीच दिलेला आकडा असा की, भर बहरातही रोज येणारे लोक सुमारे २१ लाख होते.

आपण शिक्षक आहोत. पट आणि हजेरी यांतील भेद आपणांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. पटावर ५० नावे आणि वर्गात दोन मुले, असे हे प्रमाण झाले. वृत्तपत्रांतून मात्र बहुधा पटाचाच आकडा छापून येतो. २०२३ च्या जुलैत थ्रेड्सवर पाच दिवसांत १० कोटी नावे नोंदली गेली, तेव्हाही चर्चा पटाचीच झाली. हजेरी पुढे उतरली, ही वार्ता आतल्या पानावर गेली. त्याच महिन्यात ट्विटरचे नावही बदलून एक्स झाले.

यास्तव खाते उघडणे हा शाळेच्या प्रगतीचा निकष मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा पालक आपली ओळ एक्सवर वाचणार आहे काय, हे प्रथम त्यालाच विचारावे. तो शाळेचा फळा वाचीत असेल, तर फळा पुरेसा आहे. ज्या शाळांस खाते उघडावयाचे असेल, त्यांनी प्रत्येक मजकुराची प्रत दिनांकासह शाळेच्या दप्तरी ठेवावी. सेवा बंद झाली तरी नोंदवही आपल्या कपाटात राहते. मुलांची छायाचित्रे व नावे यांबाबत विशेष सावध असावे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळण्याजोगी संमती आवश्यक धरली आहे. उपक्रमाचे छायाचित्र पाठविण्याच्या घाईत उपक्रमच आवरता घेण्याचा प्रकार अधूनमधून दृष्टीस पडतो, तो थांबावा.

वर्गात मात्र या लेखनप्रकाराचा उपयोग खात्यावाचूनही करता येईल. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद होईपर्यंत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक मोजून लिहीत. इयत्ता पाचवीच्या मुलांस पाच शब्दांत निरोप लिहावयास सांगावा, आणि तो दुसऱ्या ओळीतील मुलास वाचावयास द्यावा. ‘उद्या शाळा सकाळची आहे, या’ असे कोणी लिहील. तेव्हा हा निरोप कोणी पाठविला, कोणत्या शाळेचा आहे, आणि तो आज हाती पडला तर ‘उद्या’ म्हणजे कोणता वार, हे विचारणारे मूल वर्गात निघतेच.