ऑगस्टचे आकडे मागा

बांगडा ज्यांच्यावर पोसतो ते प्राणिप्लवक मी गोव्याच्या मांडवी नदीत आणि बाहेर दर्यात गोळा करते. जाळीची छिद्रं मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. तीत सर्वांत जास्त सापडतात ते कोपेपॉड, कोळंबीचे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे नातलग.

मे महिन्यात पणजीपाशी मांडवी जवळजवळ समुद्राइतकीच खारी असते: एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. तेव्हा नमुन्यात दर्याचेच जीव दिसतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. घाटावरून आलेलं गोडं पाणी वर तरंगतं, जड खारं पाणी खाली राहतं. खारेपणा असा उतरला की न सोसणारे जीव मरतात किंवा ओहोटीबरोबर बाहेर जातात. अकार्टिया या कोपेपॉडच्या काही जाती मात्र निमखाऱ्या पाण्यातही तग धरतात. काहींची अंडी तळच्या चिखलात सुप्त पडून राहतात आणि पाणी मानवलं की फुटतात. या चिखलाबद्दल मला फार आदर आहे. आपण गाळ म्हणून जो उपसतो, त्यात पुढच्या हंगामाचं बियाणं असतं.

खाडीबाहेर वेगळंच घडतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खोलातलं थंड पाणी वर सरकतं. त्यात पोषकद्रव्यं भरपूर, म्हणून वनस्पतिप्लवक फोफावतात. प्राणवायू मात्र मुळातच कमी. त्यावर पावसाच्या हलक्या पाण्याचा थर, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. मेलेले प्लवक कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. १९९९ साली या किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना हायड्रोजन सल्फाइड आढळला, म्हणजे तिथला प्राणवायू संपला होता. थोडक्यात, वर अन्न मुबलक, पण श्वास घेण्याजोगं पाणी वरच्या थरापुरतंच. दिवसा खोल उतरून माशांपासून लपणाऱ्या जातींची तेव्हा मोठी पंचाईत होते.

नोव्हेंबरनंतर पाणी पुन्हा मिसळतं, खारेपणा चढतो, दर्याच्या जाती परततात.

एवढी उलथापालथ होत असताना प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच ऋतूची आकडेवारी दिलेली असते. ती पुरेशी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या खाडीत बंदर किंवा गाळउपसा येणार असेल, तर अहवालात नमुने कोणत्या महिन्यातले ते आधी पाहा आणि जनसुनावणीत ऑगस्टचे आकडे मागा.