सुडोकू : खोडत जाण्याची विद्या

येथील वृत्तपत्रांच्या शुक्रवारच्या पुरवण्यांत कोड्यांचे पान असते आणि त्यात सुडोकूही असते. हिब्रूचा मजकूर वाचताना ज्या वडीलधाऱ्यांना अजून अडखळावयास होते, आणि मराठी ज्या नातवंडांच्या जिभेवर पुरती बसलेली नाही, त्या दोघांनाही हे कोडे सारखेच खुले आहे. कारण त्यात सोडविण्यासाठी शब्द नाहीत, केवळ १ ते ९ हे अंक आहेत. म्हणून आपल्या घरांत त्याला स्थान असावे असे आम्हांस वाटते. परंतु सोपी कोडी हौसेने सोडविणारी मंडळी कठीण कोड्यापाशी येताच अडतात व अंदाजाने अंक भरू लागतात. या अंदाजावाचून पुढे कसे जावे, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

१९७९ साली अमेरिकेत डेल प्रकाशनाच्या मासिकात हे कोडे ‘नंबर प्लेस’ या नावाने प्रथम छापले गेले. १९८४ मध्ये जपानमधील निकोली या प्रकाशनसंस्थेने ते स्वीकारले, आणि सुडोकू हे नाव त्यास तेथेच मिळाले. नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने ते छापण्यास आरंभ केला व त्यानंतर ते जगभर पसरले.

नियम एकच आहे. ८१ घरांच्या या चौकटीत प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि नऊ घरांच्या प्रत्येक पेटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत. नीट रचलेल्या कोड्याचे उत्तर एकमेव असते. त्यासाठी आरंभी निदान १७ अंक दिलेले असावे लागतात, हे २०१२ साली गॅरी मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या साह्याने दाखवून दिले. तथापि दिलेले अंक थोडे म्हणजे कोडे कठीण, असे मात्र समजू नये. कोणत्या युक्तीची गरज पडते, यावर काठिण्य अवलंबून असते.

पहिली पायरी अशी. रिकाम्या घरात कोणते अंक संभवतात ते पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहावे. समजा, एका घराच्या ओळीत १, ४, ६ आहेत, स्तंभात २, ६, ९ आहेत आणि पेटीत ३, ४, ८ आहेत. तर त्या घरात ५ किंवा ७ एवढेच उरतात. पुढे जो अंक कायम होईल, तो त्याच्या ओळीतून, स्तंभातून व पेटीतून तत्काळ खोडावा. येथे आळस झाला की पुढील सारे तर्क ढासळतात.

आता त्याच ओळीत आणखी एका घरात ५ व ७ हेच दोन अंक उरले आहेत असे समजा. कोणत्या घरात कोणता, हे आपणांस ठाऊक नाही. पण हे दोन अंक त्या दोन घरांतच संपणार, हे निश्चित. म्हणून ओळीतील इतर घरांतून ते खोडावेत. तिसऱ्या घरात ५, ७, ९ असतील, तर तेथे ९ सिद्ध झाला.

दुसरी युक्ती पेटीची. एखाद्या पेटीत ३ या अंकाच्या साऱ्या संभाव्य जागा एकाच ओळीत असतील, तर त्या ओळीचा ३ त्या पेटीतच पडणार. मग पेटीबाहेरील त्या ओळीच्या घरांतून ३ खोडावा.

तिसरी थोडी सूक्ष्म आहे. दुसऱ्या व सातव्या ओळीत ४ हा अंक केवळ तिसऱ्या व आठव्या स्तंभांत संभवतो असे समजा. एका ओळीत तो तिसऱ्या स्तंभात बसला, तर दुसऱ्या ओळीत त्यास आठव्यात बसावेच लागते. कसेही झाले तरी त्या दोन्ही स्तंभांचे ४ या दोन ओळींतच येतात. म्हणून त्या स्तंभांतील उरलेल्या घरांतून ४ खोडता येतो.

या तिन्ही युक्त्यांचे मर्म एकच आहे. काय आहे हे कळले नसतानाही काय नाही हे निश्चयाने सांगता येते, आणि तेवढ्याने वाट मोकळी होते. अंदाजाने भरलेला अंक पुष्कळदा पुढे वीस घरे भरून झाल्यावर खोटा ठरतो, आणि चूक कोठे झाली ते सापडत नाही. मूल कंटाळून कागद दूर सारते व ‘मला गणित येत नाही’ असे ठरवून बसते. शिक्षकाच्या दृष्टीने हानी आहे ती ही.

यासाठी नातवंडांबरोबर कोडे सोडविताना एक नेम पाळावा : कारण सांगितल्यावाचून अंक लिहावयाचा नाही. मूल ‘लामा?’ असे विचारील, आजी ‘कशावरून?’ असे विचारील; प्रश्न एकच आहे. कारण सांगताना आजीला चार हिब्रू शब्द शोधावे लागतील आणि नातवाला चार मराठी. शब्बाथला पेन्सिल हाती घेणे ज्या घरांत वर्ज्य आहे, त्यांनी शुक्रवारचे पान जपून ठेवावे. शनिवारी रात्री, हब्दाला झाल्यावर, कठीण कोड्यास पुरेल इतका वेळ सर्वांपाशी असतो.