दोन राउटर आणि परतीची वाट

घरातील वाय-फाय वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरला केबलने जोडून दुसरा राउटर वर लावला जातो, दोन्ही मजल्यांवर इंटरनेट चालू होते आणि काम झाले असे समजले जाते. परंतु त्या क्षणापासून त्या घरात बहुधा एकाऐवजी दोन स्वतंत्र नेटवर्क नांदू लागलेली असतात. याचा प्रत्यय येतो तो वरच्या मजल्यावरील स्टोरेजमध्ये साठवलेली छायाचित्रे खालच्या संगणकावरून काही केल्या उघडत नाहीत तेव्हा. एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये माहितीची ये-जा व्हावी यासाठी वाटा ठरवून देण्याच्या कामाला राउटिंग म्हणतात, आणि घरगुती पातळीवर ते जमवताना सर्वाधिक घोटाळा एकाच ठिकाणी होतो: जाण्याची वाट सांगितली जाते, परतीची राहून जाते.

नेटवर्कमधील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता असतो. घरोघरी प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीत तो ३२ बिटांचा असून शून्य ते २५५ यांमधील चार आकड्यांनी लिहिला जातो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. या पत्त्याचा पहिला भाग नेटवर्क दाखवतो, उरलेला भाग त्या नेटवर्कमधील उपकरण दाखवतो, आणि दोहोंमधील सीमा कोठे आहे हे सबनेट मास्क ठरवतो. घरगुती राउटरमध्ये हा मास्क बहुधा २५५.२५५.२५५.० असतो, त्याचा अर्थ पहिले तीन आकडे नेटवर्कचे व शेवटचा उपकरणाचा. लँडलाइनच्या काळात गावातल्या गावात फोन लावताना एसटीडी कोड लागत नसे आणि कोड फिरवला की कॉल बाहेरगावच्या एक्स्चेंजकडे जाई. संगणकही प्रत्येक पॅकेटबाबत, म्हणजे माहितीच्या प्रत्येक छोट्या तुकड्याबाबत, असाच निवाडा करतो. समोरच्या पत्त्याचा नेटवर्क-भाग स्वतःसारखा असेल तर पॅकेट थेट त्या उपकरणाकडे जाते, वेगळा असेल तर ते डीफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे बाहेरचा रस्ता माहीत असलेल्या राउटरकडे, सोपवले जाते.

खासगी नेटवर्कांसाठी १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले आहेत: १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही वापरावेत अशी मुभा असल्यामुळे राउटर बनवणाऱ्या अनेक कंपन्या १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हाच पट्टा घालून यंत्र विकतात, आणि दोन्ही मजल्यांवर एकच पट्टा येण्याची शक्यता मोठी असते. तसे झाले तर खालचा संगणक वरच्या उपकरणाला आपल्याच नेटवर्कमध्ये शोधत राहतो आणि राउटरला विचारण्याची वेळच येत नाही. म्हणून बाकी कशालाही हात लावण्यापूर्वी वरच्या राउटरचा पट्टा बदलणे अत्यावश्यक आहे.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहता येईल. खालच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे, तेथील संगणकाचा १९२.१६८.१.२० आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.५०. वरच्या राउटरला दोन पत्ते आहेत: वॅन पोर्टवर, म्हणजे खालच्या नेटवर्ककडे तोंड असलेल्या बाजूला, १९२.१६८.१.२ आणि आतल्या बाजूला १९२.१६८.२.१. वरच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.२.३५ व स्टोरेजचा १९२.१६८.२.१० आहे. अशा घरात वरच्या लॅपटॉपवरून खालच्या प्रिंटरवर छपाई होते, मात्र खालच्या संगणकाला वरचे स्टोरेज सापडत नाही, आणि या एकतर्फी वागण्याने गोंधळ उडतो.

त्यामागचे कारण नॅट. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरील प्रेषकाचा पत्ता पुसून त्याजागी राउटर स्वतःचा पत्ता घालतो, त्या क्रियेला हे नाव आहे. लॅपटॉपचे पॅकेट खाली पोहोचते तेव्हा त्यावर १९२.१६८.१.२ असे लिहिलेले असते. प्रिंटरला ते आपल्याच नेटवर्कमधून आल्यासारखे दिसते, उत्तर तो तिथेच पाठवतो आणि वरचा राउटर ते लॅपटॉपपर्यंत पोहोचवतो. उलट दिशेने पाहिले तर संगणक १९२.१६८.२.१० साठीचे पॅकेट खालच्या राउटरला देतो. त्या राउटरला या नेटवर्कची काहीच माहिती नसल्यामुळे तो ते इंटरनेटच्या दिशेने ढकलतो, जिथे खासगी पत्त्यांना थारा नसतो, आणि पॅकेट तिथेच संपते.

उपाय म्हणजे खालच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूट, अर्थात हाताने लिहिलेली कायमची वाट, नोंदवणे. त्याच्या सेटिंगच्या पानावर इष्ट नेटवर्क १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१.२ असे तीन आकडे भरावे लागतात. त्यासाठी वरच्या राउटरचा वॅन पत्ता कायम एकच राहील अशी व्यवस्था आधी करून ठेवावी, कारण तो बदलला की ही नोंद निरुपयोगी ठरते. मग वरच्या राउटरमधील नॅट बंद करावे आणि त्याच्या फायरवॉलला, म्हणजे नको असलेली पॅकेटे अडवणाऱ्या व्यवस्थेला, खालच्या नेटवर्ककडून येणारी पॅकेटे आत घेण्याची परवानगी द्यावी. वरच्या राउटरला खालचे नेटवर्क थेट जोडलेले असल्याने त्याला वेगळी वाट सांगावी लागत नाही. मात्र नॅट बंद झाल्यावर लॅपटॉपचे पॅकेट आपल्या खऱ्या पत्त्यानिशी प्रिंटरकडे जाते, आणि त्याचे उत्तर खालच्या राउटरमधील त्याच नोंदीच्या आधारे वर परतते. ती नोंद न करता आधी नॅट बंद करणाऱ्याची छपाई तर थांबतेच, वरच्या मजल्यावरील इंटरनेटही जाते. इंटरनेट कंपन्यांनी दिलेल्या काही राउटरांत स्टॅटिक रूटची सोय नसते, तर काही राउटर केवळ स्वतःच्या पट्ट्यातील पत्त्यांनाच बाहेर जाऊ देतात. यांची खातरजमा आधीच करून घेणे शहाणपणाचे.

एवढे करूनही एक पेच उरू शकतो. संगणकाचे पॅकेट खालच्या राउटरमार्गे वर जाते, पण स्टोरेजचे उत्तर वरच्या राउटरकडून थेट संगणकाकडे येते, कारण त्या राउटरच्या दृष्टीने संगणक शेजारीच आहे. संभाषणाची एकच बाजू पाहणाऱ्या खालच्या राउटरच्या फायरवॉलला ते संशयास्पद वाटू शकते, आणि मग पिंग, म्हणजे उत्तर येते की नाही हे तपासणारी साधी हाक, व्यवस्थित चालते पण फायली उघडताना सारे अडकते. पिंग चालते म्हणून राउटिंग बिनचूक आहे असे मानणाऱ्यांची इथे फसगत होते. त्यावर सोपा तोडगा म्हणजे वरच्या नेटवर्कची ती वाट संगणकावरच नोंदवणे, विंडोजमध्ये राउट या आज्ञेने. आणि खालच्या राउटरमध्ये सोय असेल तर दोन राउटरांमधील दुव्याला १९२.१६८.३.० सारखे तिसरे छोटे नेटवर्क देणे अधिक नेटके, कारण मग येणे-जाणे दोन्ही एकाच मार्गाने होते.

तपासणी खालच्या संगणकावरून पिंग करत, जवळून दूर अशी करावी: आधी १९२.१६८.१.२, मग १९२.१६८.२.१, मग स्टोरेज. शेवटच्या टप्प्यावरच उत्तर आले नाही तर दोष बहुधा त्या उपकरणाच्या फायरवॉलचा असतो. विंडोजचे फायरवॉल परक्या नेटवर्ककडून आलेल्या पिंगला सामान्यतः दाद देत नाही. प्रिंटर वा स्टोरेज आपोआप यादीत दिसेल अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण उपकरणांचा शोध घेणाऱ्या सार्वत्रिक हाका राउटर ओलांडत नाहीत. पत्ता हाताने लिहावा लागतो.

पाहुण्यांचे किंवा कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांचे नेटवर्क घरच्या कामापासून वेगळे ठेवायचे असेल तर ही खटपट सार्थ आहे. वाय-फाय वरपर्यंत पोहोचवणे एवढाच हेतू असेल तर दुसरा राउटर नुसता वाय-फाय पुरवणारा ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवावा, म्हणजे घरात एकच नेटवर्क राहील आणि राउटिंगची गरजच पडणार नाही.