तोच गड, निकाल वेगळे

येळ्ळूरचा राजहंसगड गूगलवर शोधा, मग मोजीक या दुसऱ्या शोधयंत्रावर. दोन्ही याद्या सहसा जुळणार नाहीत. कारण शोधयंत्र त्या क्षणी इंटरनेट चाळत नसतं. त्याचे क्रॉलर एका लिंकवरून दुसरीवर जात पानं आधीच वाचून ठेवतात आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची तयार करतात. कुठलं पान सूचीत आलं आणि कशाला वरचा क्रमांक द्यायचा, हे प्रत्येक यंत्राचं वेगळं.

गूगलला पर्याय मात्र दिसतात तितके नाहीत! २००८ सालचं डकडकगो बरंचसं बिंगच्या निकालांवर चालतं. तिथे फायदा मुख्यतः खासगीपणाचा. मोजीक आणि ब्रेव्ह स्वतःची सूची बांधतात. मराठी मजकुरासाठी मला तरी मोठी सूचीच बरी वाटते. आणि हो, ‘येळ्ळूरगड’ असंही टाइप करून पाहा. काही पानांवर गडाचं तेवढंच नाव असतं.