थंडीतली सायकल : डोळे जपा, छाती झाका

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाचा आकडा वर्तमानपत्रात एक अंकी दिसू लागला, की माझ्या दवाखान्यात काही ठराविक तक्रारी सुरू होतात. डेअरीला दूध घालणारे, पेपर टाकणारी मुले, सकाळच्या शाळेचे विद्यार्थी आणि अलीकडे मधुमेहासाठी सायकल घेतलेले माझ्या वयाचे गृहस्थ. कुणाचे डोळे गळतात, कुणाची बोटे बधिर होतात, कुणाची छाती भरून येते. सायकल उत्तम व्यायाम आहे, ती सोडू नका. फक्त थोडी तयारी करून निघा.

तापमान ८ अंश असताना तुम्ही ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने गेलात, तर उघड्या कातडीला ती थंडी सुमारे ५ अंशांइतकी जाणवते. शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो, तो वारा उडवून नेतो. म्हणून ओट्यावर उभे राहून पुरेसा वाटणारा स्वेटर सायकलवर अपुरा पडतो.

डोळ्यांतून पाणी का येते?

बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर सतत असतो. गार, कोरडा वारा तो सुकवतो. डोळा चुरचुरतो आणि अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. हा आजार नव्हे, डोळ्याचा बचाव आहे. पण पाण्याने नजर अंधुक होते आणि समोरचा खड्डा दिसत नाही.

खरा धोका कचऱ्याचा. थंडीचे दिवस हेच ऊसतोडीचे दिवस. रस्त्यावर पाचट उडत असते आणि त्याची कडा धारदार असते. २०१९ च्या जानेवारीत एक तरुण दूधवाला माझ्याकडे आला. डोळ्यात पाचटाचा कण गेला होता. त्याने आठ दिवस कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेले थेंब घातले. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. त्याने लाली कमी झाली, म्हणून त्याला बरे वाटले. पण पाचटाबरोबर आत गेलेली बुरशी त्याच औषधाने फोफावली. बुबुळावर पांढरा ठिपका पाहताच मी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले. डोळा वाचला, पण फूल पडले आणि त्या डोळ्याची नजर कायमची मंदावली. साध्या चष्म्याने हे टळले असते.

तेव्हा चष्मा वापरा, पण काळा नको. पहाटेच्या अंधारात काळा गॉगल म्हणजे डोळ्यांवर पट्टी. हार्डवेअरच्या दुकानात कारागिरांसाठी पारदर्शक सेफ्टी गॉगल मिळतात, दोन्ही बाजूंनी झाकणारे. त्यांतले पॉलिकार्बोनेटचे घ्यावेत, ते सहजासहजी फुटत नाहीत. नंबरचा चष्मा असेल तर काचेऐवजी प्लास्टिकच्या भिंगांचा करावा. चष्म्यावर वाफ धरत असेल, तर मफलरची वरची कड चष्म्याखाली नाकावर घट्ट दाबून बसवा, म्हणजे श्वास वर न जाता खाली जाईल.

कण गेलाच तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. मध, तूप, एरंडेल, आईचे दूध यांतले काहीही घालू नका. दुखणे, लाली किंवा उजेड सहन न होणे दुसऱ्या दिवशीही राहिले, अथवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कपडे कसे असावेत?

एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे चांगले. ऊब कपड्यापेक्षा कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. अंगालगत सुती बनियन घामाने भिजले, की गार पडते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. म्हणून पोहोचल्यावर बनियन बदलावे. मधला थर लोकरीचा असावा, कारण लोकर ओलसर झाली तरी ऊब देते. वरून वारा अडवणारे विंडचीटर हवे. ते नसेल तर वर्तमानपत्राच्या चार घड्या स्वेटरखाली छातीवर ठेवा. टूर द फ्रान्सच्या शर्यतीत डोंगर उतरताना सायकलपटू हेच करीत आले आहेत. आजचा हा अंक वाचून झाल्यावर तेवढ्या कामी येईल!

हातमोजे ही चैन नव्हे. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटे बधिर होतात आणि ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. बधिर हात शेकोटीवर धरू नका; चटका बसला तरी कळत नाही. कोमट पाण्यात बुडवा किंवा काखेत धरा. कानटोपी घाला, पण मागच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला पाहिजे. मफलर, ओढणी वा शाल यांची टोके आत खोचा. चाकात अडकली तर गळ्याला फास बसतो. वरचा कपडा फिकट रंगाचा असावा आणि सायकलला मागे रिफ्लेक्टर हवाच. धुक्यात उसाची ट्रॉली चालवणाऱ्याला तुम्ही दिसायला हवे.

कुणी विशेष जपावे?

दमेकऱ्यांनी नाकावरून कापड घ्यावे आणि श्वास नाकानेच घ्यावा, म्हणजे हवा थोडी उबदार होऊन आत जाते. इनहेलर खिशात असू द्यावा. रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी उन्हे वर येईपर्यंत थांबावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, त्यात चढावर पायडल मारण्याचा ताण पडतो. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर 'गारठा लागला' म्हणून घरगुती काढा घेत बसू नका. तिथेच उतरा, बसा, आणि कुणाला तरी सोबत घेऊन वाहनाने दवाखाना गाठा.

दुधाला नि शाळेला पहाटेच जावे लागते, ते काही टळत नाही. घरातील मोठ्यांनी मात्र मूल सायकल काढण्यापूर्वी एकदा पाहावे : चष्मा, हातमोजे, खोचलेला मफलर. एवढे पाहायला अर्धे मिनिट पुरते.