काळ्या जमिनीवर घर बांधताना

घराचा नकाशा, खोल्यांची मांडणी आणि फरशीचा रंग यांवर कुटुंबात महिनोन्‌महिने खल होतो. मात्र सातबारा आणि बिगरशेती परवानगी तपासून झाली की खालच्या जमिनीचा विचार तेथेच थांबतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सोलापूर या भागांत ही उपेक्षा विशेष महागात पडते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म थरांत पाणी शिरले की माती फुगते आणि ओल गेली की आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात शेताला रुंद भेगा पडतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींखालची माती आधी भिजते व मधली तुलनेने कोरडी राहते, त्यामुळे पाया सर्वत्र सारखा न उचलता कडेने उचलला जातो आणि खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात, ज्या गिलाव्याने फार तर वर्षभर झाकल्या जातात. घर लहान आहे, तेव्हा पाया बेताचा चालेल, हा समज तर उलटाच आहे, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजन हलक्या एकमजली घरात नसते.

म्हणून नकाशाच्याही आधी प्लॉटवर खड्डे घेऊन मुरूम, म्हणजे अर्धवट झिजलेल्या खडकाचा भरड थर, किती खोलीवर लागतो हे पाहावे. मातीचा फुगीरपणा प्रयोगशाळेत सोप्या रीतीने मोजतात: कोरड्या मातीचे दोन सारखे नमुने एक पाण्यात व एक रॉकेलमध्ये ठेवतात आणि, रॉकेलमध्ये माती फुगत नसल्याने, दोहोंच्या घनफळातील फरकावरून अंदाज बांधतात. मुरूम जवळ असेल तर पाया थेट त्यावर न्यावा. काळा थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे रुंदावणारे पाइल वापरता येतात. हे साधारण 3.5 मीटर खोल नेतात, कारण ऋतूंप्रमाणे होणारा ओलीचा चढउतार त्याखाली फारसा पोहोचत नाही. याचा खर्च वाढतो हे खरे, पण फरशीवरील खर्च नंतरही करता येतो, पायावरील नाही.

जोत्याभोवती बाहेर उताराची फरसबंदी करावी, शोषखड्डा व मोठी झाडे भिंतीपासून दूर ठेवावीत, आणि खोदून काढलेली काळी माती जोत्यात परत न भरता तेथे मुरूमच धुम्मस करून भरावा.